कंपन्या बंद पडल्या, गाड्या मात्र चालू आहेत! इंग्लंडच्या जत्रेत तंबू ठोकणारे मोटारसायकल क्लब नेमकं काय करतात?

रॉयल एनफिल्ड, बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ. ही चार नावं भारतात कुणाला सांगायला नकोत. पहिल्या तिन्हींचे मालक तर आज भारतातच आहेत. रॉयल एनफिल्ड आयशर मोटर्सकडे आहे, बीएसए हे नाव 2016 मध्ये महिंद्रा समूहातल्या क्लासिक लेजंड्सने घेतलं आणि नॉर्टन 2020 मध्ये टीव्हीएसने विकत घेतली. राहिली ट्रायम्फ. ती अजून ब्रिटिश आहे, पण तिची 400 सीसीची गाडी 2023 पासून बजाज ऑटो आपल्या पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनवते.

म्हणजे नावं भारतात आली. पण त्या नावांच्या साठ, सत्तर, शंभर वर्षं जुन्या गाड्यांचं काय झालं? ज्या कारखान्यांत त्या बनल्या ते कधीच बंद झाले. सर्व्हिस सेंटर नाही, शोरूम नाही, कंपनीचा मेकॅनिक नाही. तरीही त्यातल्या हजारो गाड्या आजही एका किकमध्ये, फार तर चार किकमध्ये सुरू होतात.

हे कसं जमतं ते बघायचं असेल, तर इंग्लंडच्या एखाद्या खेड्यातल्या जत्रेत शनिवार-रविवार घालवायला हवा. तिथं एका कोपऱ्यात दोरी बांधून तीस-चाळीस जुन्या मोटारसायकली उभ्या असतात, मागे तंबू असतात आणि खुर्च्या टाकून चहा पीत बसलेली माणसं असतात. वरवर बघितलं तर ही निवृत्त लोकांची सहल वाटते. प्रत्यक्षात तिथं बंद पडलेल्या कंपन्यांचं काम चालू असतं.

आधी ही जत्रा काय प्रकार आहे ते बघू

साताऱ्याच्या पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. देवदर्शन असतं, पाळणे असतात, खाऊची दुकानं असतात आणि सोबत जनावरांचा मोठा बाजार व प्रदर्शनही असतं. इंग्लंडमधल्या कंट्री फेअरमधून देव वजा केला, तर बाकी चित्र बरंचसं असंच आहे. उत्तम गायी-मेंढ्यांना बक्षिसं, घोड्यांच्या शर्यती, शेतीची अवजारं, लोणची-मुरंबे, लहान मुलांचे पाळणे आणि बिअरचा मोठा तंबू.

या जत्रांची परंपरा जुनी आहे. इंग्लंडच्या शाही कृषी संस्थेचा रॉयल शो 1839 मध्ये ऑक्सफर्डला सुरू झाला. नैऋत्य इंग्लंडमधला बाथ अँड वेस्ट शो 1852 पासून भरतो. शेतकऱ्याने नवीन जात, नवीन अवजार बघावं आणि शिकावं हा त्यामागचा हेतू होता.

मग यात जुनी यंत्रं कुठून आली? त्याचा किस्सा भारी आहे. शेतात मळणी आणि नांगरणीसाठी वापरली जाणारी वाफेची इंजिनं ट्रॅक्टर आल्यावर भंगारात जायला लागली. 1950 मध्ये ॲपलफर्ड गावात दोघांनी पैज लावली. कुणाचं वाफेचं इंजिन जास्त जोरात पळतं? बक्षीस होतं बिअरचं एक पिंप. ही शर्यत लोकांना एवढी आवडली की जुन्या इंजिनांचे मेळावेच भरायला लागले. त्यातूनच 1969 मध्ये डॉर्सेट परगण्यात एक मेळावा सुरू झाला, जो पुढे ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअर म्हणून जगभर गाजला. वाफेच्या इंजिनांशेजारी जुने ट्रॅक्टर आले, जुन्या मोटारी आल्या आणि त्यांच्या मागोमाग मोटारसायकलवालेही आले.

क्लब कधी सुरू झाला?

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनमध्ये जुन्या मोटारसायकलला भंगारापलीकडे किंमत नव्हती. एकट्या बीएसएने युद्धासाठी एम-20 या मॉडेलच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनवल्या होत्या. लष्कराच्या जुन्या गाड्या स्वस्तात मिळत होत्या, मग 1910 सालची गाडी कोण सांभाळणार?

अशा काळात 1946 मध्ये टिच ॲलन या मोटारसायकलवेड्या माणसाने सरे परगण्यातल्या हॉग्ज बॅक इथं आपल्यासारख्याच काही लोकांना गोळा केलं आणि व्हिंटेज मोटर सायकल क्लब स्थापन झाला. व्हीएमसीसी या नावाने तो ओळखला जातो. या क्लबचे वेगवेगळ्या भागांत गट आहेत. पंचवीस वर्षांपेक्षा जुनी कुठलीही मोटारसायकल इथं चालते. 1949 पासून क्लबची बॅनबरी रन होते, ज्यात 1931 च्या आधीच्या गाड्या रस्त्यावर उतरतात.

मोठ्या कार्यक्रमांचे फोटो सगळीकडे झळकतात. पण क्लबचं वर्षभराचं खरं आयुष्य चालतं ते अशा छोट्या-मोठ्या जत्रांमध्ये. व्हीएमसीसीच्या गटांसोबत एकेका कंपनीच्या गाड्यांचे वेगळे क्लबही तिथं येतात.

जत्रेवाले आणि क्लब यांच्यातला सौदा

हा व्यवहार साधा आहे. जत्रेच्या आयोजकांना लोक खेचणारी गोष्ट हवी असते आणि क्लबला जागा हवी असते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी गाडी मांडणाऱ्याला प्रवेश फुकट मिळतो आणि तंबू ठोकायला जागाही मिळते. बदल्यात क्लबने दोन्ही दिवस गाड्या मांडून ठेवायच्या आणि ठरलेल्या वेळी मैदानात फेरी मारून दाखवायची.

नियम मात्र कडक असतात. लोक फिरत असताना गाडी हलवायची नाही. संध्याकाळी गर्दी ओसरल्याशिवाय घरी निघायचं नाही. कुणाला इजा झाली तर भरपाईसाठी विमा हवा. जवळ अग्निशामक नळकांडं हवं. तंबूंमध्ये अंतर ठेवायचं, कारण कापडाला आग लागली तर ती मिनिटात शेजारी पोचते. विझत आलेली शेगडी थंडी आहे म्हणून तंबूत घ्यायची नाही, कारण कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता झोपेत जीव घेतो.

शुक्रवारी दुपारी लोक यायला लागतात. काही जण गाडी चालवत येतात, काही जण ट्रेलरवर घालून आणतात. आधी तंबू, मग चहाचं आधण आणि मग दोरी-खुंट्या घेऊन प्रदर्शनाची जागा आखणं, असा क्रम असतो.

हॉटेल सोडून तंबूच का?

पैसे वाचतात हे एक कारण आहेच. पण मोटारसायकल आणि तंबू यांचं नातं त्याहून जुनं आहे.

ब्रिटनमध्ये हौस म्हणून तंबूत राहण्याची पद्धत लोकप्रिय केली ती थॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याने. सायकलवर मावेल एवढा हलका तंबू त्याने तयार केला आणि 1901 मध्ये सायकलवरून तंबू घेऊन भटकणाऱ्यांची संघटना सुरू झाली. आजचा तिथला मोठा कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब त्याच संघटनेतून वाढला.

सायकलच्या जागी मोटारसायकल आली आणि तिला साइडकार जोडली गेली. मोटार न परवडणाऱ्या कामगाराचं अख्खं कुटुंब त्यात बसून सुट्टीला निघायचं. बाप हँडलवर, आई-मुलं साइडकारमध्ये आणि तंबू मागे बांधलेला. 1959 मध्ये मिनी ही छोटी, परवडणारी मोटार आली आणि साइडकारचे दिवस भराभर संपले. आज जत्रेत साइडकारशेजारी जुन्या पद्धतीचा कापडी तंबू उभा केलेला दिसतो, तेव्हा तो शोभेपुरता नसतो. ही गाडी लोक कशी वापरायचे, ते तो सांगतो.

आणि एक व्यवहारी कारण आहे. रात्री मुक्काम असला की गप्पांना वेळ मिळतो. क्लबचं अर्धं ज्ञान याच गप्पांमधून एकाकडून दुसऱ्याकडे जातं.

गवतावर गाडी उभी करण्यातही शास्त्र आहे

सकाळी दव पडलेलं असतं, माती मऊ असते. साइड स्टँड जमिनीत रुतला की दीडशे-दोनशे किलोची गाडी शेजारच्या गाडीवर कोसळते आणि मग ओळीने सगळ्याच. म्हणून स्टँडखाली लाकडाची फळी ठेवतात. इंजिनाखाली ट्रे किंवा पुठ्ठा ठेवतात, कारण जुनी ब्रिटिश गाडी तेल गाळणारच. त्यावरून तिथं भरपूर विनोद होतात. तेल गळत नसेल तर ते संपलं असेल, हा त्यातला नेहमीचा.

प्रत्येक गाडीसमोर एक पाटी असते. कंपनी, साल, किती सीसी आणि दोन ओळींत तिची कहाणी. लोक थांबतात ते बहुतेकदा पाटी वाचून. कुणीतरी म्हणतो, माझ्या आजोबांकडे हीच गाडी होती. तिथून संवाद सुरू होतो.

दुपारी मैदानात फेरी असते. त्याआधी गाडी सुरू करणं हाच एक खेळ असतो. जुन्या सिंगल सिलिंडर गाडीला नुसती किक मारून भागत नाही. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरवरचं छोटं बटण दाबून त्यात पेट्रोल भरू द्यायचं. हँडलवरच्या लिव्हरने ठिणगी पडण्याची वेळ थोडी उशिराची करायची. मग डीकॉम्प्रेशनची लिव्हर दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या जरासा पुढे न्यायचा, लिव्हर सोडायची आणि एकच भरदार किक मारायची. ठिणगीची वेळ मागे घ्यायला विसरलात, तर किक उलटी फिरते आणि घोट्याचं हाड मोडू शकतं.

महाराष्ट्रात ज्यांनी जुनी बुलेट चालवली आहे त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणून मारलेली किक त्याच घराण्यातली. रॉयल एनफिल्डचा मूळ कारखाना इंग्लंडमधल्या रेडिचचा. 1955 मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि 1970 च्या सुमारास इंग्लंडमधलं उत्पादन बंद झाल्यावरही बुलेट भारतात बनत राहिली. 1977 पासून तर ती उलट ब्रिटनमध्येच निर्यात व्हायला लागली. उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक ही जुन्या ब्रिटिश गाड्यांची ठेवणही भारतातल्या बुलेटने कित्येक वर्षं सांभाळली.

कंपन्या बुडाल्या, मग पार्ट कुठून येतात?

1950 च्या सुमारास बीएसएची गणना जगातल्या सर्वांत मोठ्या मोटारसायकल कंपन्यांत होत होती. पण जुनी यंत्रसामग्री, नवीन डिझाइनवर न केलेला खर्च आणि मोठ्या गाड्यांमध्ये आपल्याला कोण गाठणार हा भ्रम नडला. 1969 मध्ये होंडाने सीबी 750 आणली. चार सिलिंडर, बटण स्टार्ट आणि पुढे डिस्क ब्रेक. 1973 मध्ये बीएसएचा मोटारसायकल व्यवसाय सरकारी मदतीने उभ्या केलेल्या नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ या कंपनीत विलीन झाला. मेरिडनमधला ट्रायम्फचा जुना कारखाना 1983 मध्ये बंद पडला. आजची ट्रायम्फ त्यानंतर नव्या मालकाने नव्या कारखान्यात उभी केलेली कंपनी आहे.

कारखाना गेला की गाडीबरोबर तीन गोष्टी अनाथ होतात. सुटे भाग, कागदपत्रं आणि हातातलं कसब. क्लब या तिन्ही सांभाळतात.

पहिली गोष्ट सुटे भाग. जत्रेच्या मैदानात बहुतेकदा ऑटोजम्बल असतो, म्हणजे जुन्या पार्टचा बाजार. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार डोळ्यासमोर आणा. फरक एवढाच की इथला विक्रेता तो पार्ट कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत बसतो हे तोंडपाठ सांगतो. अशा बाजारांना नाव आणि प्रतिष्ठा मिळाली ती 1967 मध्ये, बोल्यू इथं लॉर्ड मॉन्टेग्यू यांनी भरवलेल्या ऑटोजम्बलमुळे. जे पार्ट मिळत नाहीत ते काही क्लब सभासदांसाठी थोड्या संख्येने पुन्हा बनवून घेतात.

दुसरी गोष्ट कागदपत्रं. कुणाच्या गोठ्यात, माळ्यावर पडलेली गाडी सापडते. कागद हरवलेले असतात. ती कुठल्या सालची हे सिद्ध झाल्याशिवाय तिला योग्य नंबर मिळत नाही. व्हीएमसीसीच्या ग्रंथालयात अनेक जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. कोणत्या इंजिन नंबरची गाडी कधी बाहेर पडली, ते त्यात सापडतं. त्यावरून क्लब गाडीच्या वयाचा दाखला देतो आणि तिथलं वाहन नोंदणी खातं तो धरतं.

तिसरी गोष्ट कसब, आणि हीच सगळ्यात नाजूक. एक साधं उदाहरण बघा. या गाड्यांच्या नट-बोल्टला मिलिमीटरचा पाना बसत नाही. बऱ्याच बोल्टची मापं 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने सुचवलेल्या पद्धतीची आहेत. त्या पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या डोक्याची रुंदी सांगत नाही, तो सांगतो बोल्टच्या दांड्याची जाडी. आट्यांचा कोनही वेगळा, 60 ऐवजी 55 अंश. ज्याला हे ठाऊक नाही तो जवळपास बसणारा मेट्रिक पाना लावतो आणि बोल्टचं डोकं गोल करून ठेवतो. पुस्तकात हे लिहिलेलं आहे. पण किती जोर लावायचा, कुठं थांबायचं, इंजिनाचा कुठला आवाज ठीक आणि कुठला धोक्याचा, हे शेजारी बसूनच कळतं. जत्रेतल्या तंबूबाहेर इंजिन उघडून बसलेल्या माणसाभोवती घोळका जमतो तो त्यासाठीच.

मग अडचण कुठे आहे?

अडचणी तीन बाजूंनी येतायत.

एक, पेट्रोल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओलावा धरून ठेवतं आणि जुन्या काळचे रबरी पाइप, वॉशर, फायबरच्या टाक्या खराब करतं. त्यामुळे जुन्या गाड्यांचे मालक कमी इथेनॉलचं महागडं पेट्रोल भरतात किंवा पाइप बदलून घेतात.

दोन, खुद्द जत्रा. 1839 मध्ये सुरू झालेला रॉयल शो 2009 मध्ये कायमचा बंद झाला. ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअरसारखा लाखोंची गर्दी खेचणारा मेळावाही 2024 मध्ये भरला नाही, कारण वाढलेला खर्च आयोजकांना झेपेना. सुरक्षा, विमा, शौचालयं, वीज, सगळंच महाग झालंय. मोठी जत्रा बंद झाली की क्लबला नवीन माणूस भेटण्याची जागाच जाते. क्लबच्या मासिक बैठकीला तेच येतात जे आधीपासून सभासद आहेत. जत्रेत मात्र पाळण्यात बसायला आलेला पंधरा वर्षांचा मुलगाही गाडीपाशी थबकतो.

तीन, वय. ज्यांनी या गाड्या तरुणपणी रोज कामावर जायला वापरल्या, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. जड गाडीला किक मारणं गुडघ्याला झेपत नाही. नव्या पिढीला गाडी आवडते, पण ती चालवायची कशी हेच माहीत नसतं. म्हणून व्हीएमसीसी प्रशिक्षणाचे दिवस ठेवतो. क्लबच्याच जुन्या गाड्या, मोकळी जागा आणि शिकवायला जुने चालक.

सरकारी नियमांची मात्र त्यांना बरीच मदत आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला रस्ता कर लागत नाही. मे 2018 पासून, तिच्यात मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. विमा आणि नोंदणी हवीच, गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारीही मालकाचीच. पण एवढं केलं की ती गाडी रोज चालवता येते.

भारतात काय परिस्थिती आहे?

भारतात 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकी-चारचाकीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. नोंदणीला 20 हजार रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते. पण अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती बाहेर काढता येते. म्हणजे अशा गाडीसाठी प्रदर्शन ही हौस राहत नाही, बाहेर पडण्याचं ते एक मोजकं कारण ठरतं. पेट्रोलचं म्हणाल, तर भारतात आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय, म्हणजे ब्रिटनच्या दुप्पट.

एकत्र जमण्याची हौस भारतातही आहे. गोव्यातला रॉयल एनफिल्डचा मेळावा गाजतो, इंडिया बाइक वीकही गाजतो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले शहराशहरांत गाड्या घेऊन जमतात. पण हे मेळावे बहुतेक मोटारसायकलवाल्यांनी मोटारसायकलवाल्यांसाठी भरवलेले असतात. गावच्या जत्रेत किंवा कृषी प्रदर्शनात, बैलजोडी आणि ट्रॅक्टरच्या शेजारी, जुनी राजदूत, येझदी, बुलेट ओळीने मांडली आहे आणि तिचा मालक शाळकरी पोराला कार्बोरेटर उघडून दाखवतोय, हे दृश्य क्वचितच दिसतं.

आज महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत एखादा म्हातारा मिस्त्री असतो, ज्याला येझदीची दोन सायलेन्सरची गाडी नुसत्या आवाजावरून कळते. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. मिस्त्रीचं ज्ञान कुठल्याही नोंदवहीत नाही. त्याच्या हाताखाली कुणी शिकलं नाही, तर येझदी हे नाव पुन्हा बाजारात आलेलं असूनही जुनी गाडी कोपऱ्यात गंजत पडेल.

इंग्लंडमधल्या क्लबांनी यावर काढलेला उपाय फार खर्चिक नाही. जत्रेत मागून घेतलेली एक जागा, दोन रात्रींचा तंबू, स्टँडखाली एक फळी, गाडीसमोर एक पाटी आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार असलेला मालक.